पंजाबरावच्या डोळ्याचा माणूस

पिंपळगाव राजा
३ सप्टेंबर २०२४, पोळ्याची कर

पुष्पे,

आशीर्वाद लिहायची रीत आहे, तर घे. मी चांगली आहे. तूही चांगलीच असशील, नाही तर आतापर्यंत कोणी तरी पळत येऊन सांगितलं असतं. वाईट बातमी सांगायले माणसं चपला न घालता येतात.

फोन केला नाही, कारण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देते. कागदाले तसं करता येत नाही. तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, दोनदा वाचावं लागलं तर वाच. हैदराबादले तू डोळ्याले न दिसणारं पाहायचीच नोकरी करते म्हणतात.

दोन वर्षांमागं तुझा बाप छातीत कळ येऊन गेला, अन् मढं अजून ओसरीत असताना तू डोळेवाल्याईले फोन करून बोलावलं. मी तुले साऱ्या गावादेखत थापड मारली. ती परत घेत नाही. माझं एकुलतं एक लेकरू, त्याच्या पापण्याखाली कापूस घालून त्याले जाळावं लागलं. तू तिसऱ्या दिवशी राख सावडली अन् एसटीत बसली. त्याच्या पुढचं तुले माहीत नाही, म्हणून सांगते.

दहाव्याले नदीवर पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसलेले, पण एक खाली येईना. ऊन चढलं. मग रीतीप्रमाणं एकेक जण शब्द देऊ लागला. रामराव म्हणे, "पंजाबा, तुह्या बैलाईले मी पाहीन, जाय आता." कावळा नाही. कोणी म्हणे, "पोरीचं लग्न लावून देऊ." कावळा नाही. तुझं लग्न त्यालेही पटलेलं दिसलं नाही. महाराज म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ, मंडळीले उन्हाचं होऊन राह्यलं. तवा मी उठली. मी म्हणली, "पंजाबा, तुहे डोळे ज्याले लागले त्याले मी शोधीन. त्याले माह्या डोळ्यानं पाहीन, अन् जेवू घालीन." माझं तोंड मिटलं नाही तोच कावळा पिंडावर. खोटं वाटत असेल तर रामरावले विचार.

तर तो माणूस मले सापडला आहे. गोकुळ. बसस्टँडवर वेल्डिंगचं दुकान आहे त्याचं. ठिणगीनं उजवा डोळा गेला होता. तुझ्या बापाची तेरवी झाली नाही तोच तो अकोल्याहून डोळ्याले पट्टी बांधून आला, मेलेल्या माणसाचा डोळा बसवून. आता मले सांग, तो दुसऱ्या कोणाचा असेल? दवाखान्यानं नाव नाही सांगितलं. नसेल सांगत. मले नावाची गरज पडली नाही.

गेल्या दोन्ही पितरात तो माझ्या घरी जेवला. एरवीही येते. मले काचबिंदू झाला आहे, सकाळ-संध्याकाळ थेंब टाकावे लागतात. दुकानात जाताना एकदा अन् येताना एकदा गोकुळ टाकून देते. माझा हात हलते.

पण त्याची बायको पायल आता फुरंगटली आहे. म्हणते, ही बुढी उद्या म्हणेल डोळा माझा तर माणूसही माझा. म्हणते, खात्रीचं काही दाखवा, तरच यावर्षी पानावर पाठवीन. तू त्याच धंद्यात आहे. विचारून कळव. सर्वपित्रीच्या आधी.

अंबूबाई
('तुझी आजी' लिहिलं तर कागद फाडशील.)


१९ सप्टेंबर २०२४
पितर सुरू झाले

पुष्पे,

तुझं पत्र आलं. पोस्टमन म्हणे, बुढे, तुले पत्र? मी म्हणली, काऊन, मी मेली का?

तू लिहिलं, नाव सांगता येत नाही, कायदा आहे, अन् गोकुळदादाच्या डोळ्याचं मले खरंच माहीत नाही. बरं. अन् पूर्ण डोळा नाही, समोरची काच तेवढी बसवतात, असंही लिहिलं. काच तर काच. खिडकीची काच ज्याची, खिडकी त्याची.

मग तू तुझ्या नोकरीचं पान भरून लिहिलं. मले समजलं ते असं. शाम्पू, साबण, फवाऱ्याचं औषध, काहीही बाजारात यायच्या आधी ते डोळ्यात गेलं तर काय होईल हे पाहावं लागते. त्यासाठी सशाची मान खोड्यात अडकवत अन् त्याच्या डोळ्यात ते टाकत. ससा काऊन, तर त्याले आसू कमी येतात, टाकलेलं धुऊन जात नाही. आता तुम्ही माणसाच्या डोळ्याच्या कडेचे कण घेता, चिमुकल्या पेल्यात वाढवता, त्याचा डोळ्यावर असते तसा पापुद्रा तयार होते, अन् ते औषध त्याच्यावर टाकता. मग धुऊन एक रंग घालता. जे जितं राह्यलं ते जांभळं होते, जे मेलं ते तसंच फिक्कं. ससा वाचला.

सशाचा तुले एवढा पुळका कधीपासून? सोयाबीन सोंगताना ससा निघाला की तुझा बाप विळा टाकून मागं धावे, अन् रस्सा तूही ओरपला आहे, हाड चोखून. अन् आसू कमी येणारं जनावरच पाह्यजे होतं तर मले न्यायचं होतं.

गोकुळचं सांगते. मी त्याले सगळं दाखवून आणलं. तुझ्या बापाची विहीर, त्यानं लावलेली लिंबं, नवीन बांधलेली न्हाणी, जिचं प्लास्टर सुकायच्या आधी तो गेला. गोकुळ म्हणे, "माय, मले हे काऊन दाखवून राह्यली?" मी म्हणली, "तुले नाही दाखवून राह्यली. तू उगा उभा राह्य अन् उजवा डोळा उघडा ठेव." तो राह्यला. न्हाणीपाशी चांगला वेळ उभा राह्यला. मग म्हणे, "माय, हे दार वाकडं बसवलं आहे, मी बिजागरीचे कब्जे बदलून देतो." तुझ्या बापानं दार बसवलं तवा मीही तेच बोलली होती, अन् तो दोन दिवस जेवला नव्हता.

आता एक विचारते. "बाबांचं दान वाया गेलेलं नाही" असं तू तुझ्या पत्रात वर एकदा लिहिलं अन् खाली एकदा. मी विचारलंच नव्हतं वाया गेलं का म्हणून. तू लहानपणी गूळ खाल्ला की न विचारता सांगे, मी गूळ नाही खाल्ला. तोंडाले मुंग्या लागलेल्या असत.

खरं काय ते लिही. मी थापड मारायले हैदराबादले येत नाही.

अंबूबाई


२ ऑक्टोबर २०२४
सर्वपित्री अमावस्या

पुष्पे,

तुझा कागद आजच यायचा होता.

गोकुळ पानावर बसला होता. मीच पायलच्या दारात जाऊन तिले म्हणली होती, पोरी, आजच्या दिवस पाठव, कागद येऊन राह्यला आहे, तुले वाचून दाखवीन. कढी, वडे, खीर, आळूच्या वड्या, तुझ्या बापाच्या आवडीचं सगळं. पोस्टमन गावातलाच, गांधीबाबाची सुट्टी असूनही कालचं राह्यलेलं पत्र देऊन गेला. मी म्हणली, आता याच्यासमोरच वाचते.

वाचलं. अडखळत वाचलं, तरी वाचलं.

तुझ्या बापाच्या दोन्ही डोळ्यात फूल पडलेलं होतं, बुबुळावर पांढरा डाग, म्हणून काच कोणाले बसवण्याजोगी नव्हती. फूल होतं हे मले काय माहीत नव्हतं? फवारताना वारा फिरला अन् तोंडावर आलं, तवा त्याच्या डोळ्यावर पाणी मीच ओतलं. पण मले वाटलं, शहरात घासून काढत असतील. भांडं घासतात तसं.

तर कडेचं चांगलं होतं, ते तुमच्याकडं गेलं. दान घेताना तूच कागदावर सही केली होती, लागलं नाही तर संशोधनाले वापरा म्हणून. डबीवर नाव नव्हतं, वय होतं, तारीख होती, अन् दोन्ही डोळ्यात फूल होतं. तू ओळखलं. ओळखून कोणाले बोलली नाही. त्याले तू पेल्यात वाढवलं. अन् त्याच्यावर तू थेंब टाकले. कशाचे, तर पहिले शाम्पूचे. अन् मग फवाऱ्याच्या औषधाचे.

जितेपणी वाऱ्यानं घातलं, मेल्यावर लेकीनं.

तू लिहिलं की ते दुखत नसते, त्या कणाले काही कळत नाही. तुले कसं कळलं? अन् तू लिहिलं की जांभळा रंग आला की ते जितं होतं हे समजते, पण तो रंग घातला की मग तेही राह्यत नाही. म्हणजे जितं आहे हे पाहायसाठी मारावं लागते. असलं शिकायले तुले एवढ्या लांब जावं लागलं. इथं सरकारी दवाखान्यातही हेच करतात.

मी कागद खाली ठेवला. गोकुळचा हात वडीवर होता. मी म्हणली, "ऊठ."

तो म्हणे, "काय झालं, माय?"

"तो डोळा माह्या लेकाचा नाही. ऊठ पानावरून."

पानावर बसलेल्याले उठवू नये. दुश्मनालेही उठवत नाहीत, अन् पितराच्या दिवशी तर नाहीच. मी उठवलं. तो उठला. हात धुतला, चूळ भरली, न्हाणीच्या दाराचे नवीन कब्जे त्यानं पिशवीत आणले होते, ते ओसरीत ठेवले. मग म्हणे, "वड्या चांगल्या झाल्या होत्या, माय."

अर्धं पान मी गायीले घातलं. कावळ्याचा घास छपरावर ठेवला होता, तो आता हे लिहितानाही तसाच दिसून राह्यला. दिसून राह्यला म्हणजे पांढरं काही तरी दिसते.

मले उत्तर लिहू नको.


११ नोव्हेंबर २०२४

पुष्पे,

लिहू नको म्हटलं तर तू तीन पत्रं लिहिली. मी सांगितलेलं तू आजवर एकदाही ऐकलं नाही, आताही नाही. तीनही वाचली.

दिवाळी झाली. मी फराळाचं केलं नाही. रामरावच्या घरून ताट आलं, ते खाल्लं.

गोकुळ येत नाही. रस्त्यानं जाते, मान खाली घालून. मी बोलावलं असतं तर आला असता. मी बोलावलं नाही. एक दिवस पायल आली. मले वाटलं भांडायले आली, मी पदर खोचून तयार. ती म्हणे, "खरं सांगू का आजी, मले बरं वाटलं. मले रोज वाटे, तुम्ही एक दिवस डोळा वापस मागसान." मी म्हणली, "मागून काय करू, भाजीत घालू?" ती हसली. मी नाही हसली. जाताना म्हणे, थेंबाचं कसं करता? मी म्हणली, करते.

करते कसली. बाटली वर धरते, थेंब कधी कपाळावर, कधी कानात.

तू लिहिलं की तुझ्या साहेबाले तू आता सारं सांगितलं अन् शिव्या खाल्ल्या. बरं केलं, दोन्ही. अन् लिहिलं की त्याची एक नळी अजून राह्यली आहे. मरणाच्या थंडीत ठेवलेली. ती जिती नाही अन् मेलेली नाही, वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. बाहेर काढून ऊब दिली तर वाढते, पण मग वापस निजवण्याजोगी राह्यत नाही. थोडे दिवस वाढते, थकते, संपते. अन् वाढते तोपर्यंत त्याले खायले गुलाबी पाणी घालावं लागते.

ते खायले घालायचं वाचलं अन् मी उठून बसली.

मी नदीवर काय बोलली होती? डोळ्यानं पाहीन अन् जेवू घालीन. माणसाले, असं मी म्हटलं होतं. माणूस नाही, तर नाही. पण शब्द मी कावळ्याले नव्हता दिला, पंजाबाले दिला होता, अन् तो अजून तुझ्या थंडीत पडला आहे. तो शब्द फिटला नाही तर मी मेल्यावर त्याले काय तोंड दाखवू? तू म्हणशील, मेल्यावर काही नसते. नसेल. तू मेली नाही अजून.

त्याले उठव. मी येते. मी येईपर्यंत त्याच्यावर काही टाकायचं नाही, सांगून ठेवते. रामरावचा पोरगा कामाले हैदराबादले जाते, त्याच्यासंगं येईन.

मोटारीतून उतरल्यावर माझा हात धरायले ये. आता पायरी दिसत नाही.

अंबूबाई


१४ जानेवारी २०२५, संक्रांत

पुष्पे,

तिळगूळ पाठवत नाही. रस्त्यात मुंग्या खातात. बोटानं ओळ धरून लिहिते, ओळीवर ओळ चढली असेल तर लावून घे.

घरी सुखरूप पोचली ते तुले फोनवर सांगितलंच. आता फोनवर जे सांगितलं नाही ते लिहिते. तिथं तुझ्यासमोर बोलता आलं नाही, तुझं तोंड पाहून. म्हणजे तुझं तोंडही मले धुरकटच दिसत होतं, पण आवाजावरून कळत होतं.

तू मले पांढरा झगा घातला, टोपी घातली, पायात पिशव्या घातल्या. तुझा साहेब दारात उभा, फुगलेला. तू त्याले म्हणली, "सर, पाच मिनिटं." मग मले त्या दुर्बिणीपाशी बसवलं अन् म्हणाली, "आजी, इथं डोळा लाव. बघ, एकाले एक खेटून बसले आहेत, फरशी बसवावी तसे. चांगले वाढले आहेत. हे बाबा."

मी डोळा लावला. तू विचारलं, "दिसलं?"

मी म्हणली, "दिसला."

पुष्पे, मले काही दिसलं नाही. उजेड होता, त्यात राखाडी काही तरी, अन् मधात काळं. काळं माझ्या डोळ्यातलंच असेल, आता सगळीकडं असते. दुसरा डोळा लावला, त्यानं तेवढंही नाही. मी बसून राह्यली. मले वाटलं, थोडं थांबलं तर उगवेल. तू मागं उभी राहून नाक ओढत होती. मग मी म्हणली, "बापासारखाच आहे, खेटून बसणारा," अन् तू रडायले लागली, अन् मले कळलं की आता हे बोललेलं मोडता येत नाही.

मग तू माझा हात धरून ते गुलाबी पाणी घालायले लावलं. माझा हात हलला. थेंब बाहेर पडला. तू म्हणाली, "पडला, पडला आत." मी आंधळी होऊन राह्यली, बहिरी नाही. टेबलावर टप झालेलं मले ऐकू आलं. मागून तू तुझ्या हातानं घातलं.

तर पाहणं राह्यलं अन् जेवू घालणंही राह्यलं. तू खोटं बोलली, मी खोटं बोलली, अन् त्या पायी त्याची शेवटची नळी उठवली. तशीच झोपली असती तर माझ्या मागंही राह्यली असती.

नंतर तू विचारलं होतं, आजी, आता हे संपणारच आहेत, काय करू? मी म्हणली होती, टाक, जे टाकायचं ते टाक. तो बांधावरचा तुरीचा दाणाही वेचून आणे, वाया गेलेलं त्याले खपत नसे. तुझं पत्र आलं, पोस्टमननं वाचून दाखवलं, तू टाकलं म्हणून. तेच फवाऱ्याचं औषध, नवीन नावाचं. धुतलं, रंग घातला. एकही जांभळं झालं नाही. तू लिहिलं की यामुळं आता बाटलीवर छापावं लागेल, डोळ्याले जपा, चष्मा लावा.

पुष्पे, ते आधीच्या बाटलीवरही छापलं होतं. मुंगीच्या अक्षरात. तुझा बाप दहावी होता, त्याले वाचता येत होतं. आश्विनातल्या उन्हात, तोंडावर घाम, कोण चष्मा लावते? एक दिवस लावला होता, धुकं धरलं म्हणून बांधावर टांगून ठेवला. अजून तिथंच असेल. तुमचं छापून होऊ द्या. ससा वाचला, ते एक झालं.

तिथं जेवताना तू बोलून गेली की काचबिंदू झाला तरी समोरची काच चांगली असते, ती कोणाले तरी चालते. मग जीभ चावली. चावू नको. ऐक. माझे घ्यायचे नाहीत. चांगले असोत की नसोत. कोणाले लागले ते शोधीन असं माझ्या मागं नदीवर उभं राहून म्हणणारं कोणी नाही, अन् तू म्हणशील तर मी कावळ्याले येऊ देणार नाही. शब्द देऊ नको. शब्द दिला की माणूस गल्लोगल्ली लोकाईच्या डोळ्यात पाहत फिरते.

तिकडं राहायले ये म्हणली, ते नाही जमत. इथं न दिसताही मले पाय कुठं टाकायचा ते माहीत आहे. न्हाणीचं दार तेवढं लागत नाही. कब्जे अजून ओसरीतच आहेत.

डॉक्टरनं थेंब वाढवून दिले. राह्यलं आहे तेवढंच राहील म्हणे, गेलेलं येत नाही. सकाळी ओसरीत बसते, मान वर करते, बाटली दाबते. सारं गालावर येते. कालही तसंच. रस्त्यानं कोणी तरी चाललं होतं, पाय थांबले. ओळखीचे होते ते पाय.

"माय, रडून राह्यली का?"

मी म्हणली, "औषध आहे. जाय आपल्या दुकानात."

गेला.

अंबूबाई